लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये मर्यादा ओलांडायची, पण नेमकी कोणती?

संथगती (मूळ प्रश्न)

नमस्कार. पुढील मोसमात पूर्ण अंतराची ट्रायथलॉन करण्याचे मी ठरवले आहे. म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धावणे. निम्म्या अंतराची स्पर्धा वेळेत पूर्ण झालेली असल्यामुळे तिन्ही प्रकार, ट्रान्झिशनमधली, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाची, धांदल आणि साखरेचे जेल खाऊन विटलेले पोट यांची चांगली ओळख आहे. सरावाचे वेळापत्रकही आखून झाले आहे. प्रश्न त्याविषयी नाही.

लांब सरावाच्या उत्तरार्धात, विशेषतः पाच-सहा तास सायकल चालवून लगेच धावायला लागल्यावर, एक वेळ अशी येते की सारे अंग ‘आता पुरे’ म्हणू लागते. कधी मी तिकडे दुर्लक्ष करून पुढे जातो आणि अर्ध्या तासाने पाय आपोआप हलके होतात. मघाची निराशा कुठे गेली तेही कळत नाही. कधी मात्र तोच हट्ट अंगाशी येतो, मळमळ सुरू होते, डोके जड होते आणि पुढच्या सगळ्या आठवड्याच्या सरावावर पाणी पडते. अडचण अशी की सुरुवातीच्या काही मिनिटांत या दोन्ही अवस्था आतून अगदी सारख्या वाटतात. ज्यांनी अशा स्पर्धा केल्या आहेत ते सांगतात की सगळा खेळ मनाचा आहे, आणि डॉक्टर असलेला मित्र सांगतो की शरीराचे ऐक. दोन्ही सल्ले एकाच वेळी पाळणे मला जमलेले नाही.

तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. स्पर्धेच्या दहाव्या-बाराव्या तासाला, डोके धड चालत नसताना, थकव्याची कोणती तक्रार मनावर घ्यावी आणि कोणती सोडून द्यावी, हे कसे ओळखायचे? आणि ही मर्यादा सरावाने खरोखरच पुढे सरकते, की आपल्याला फक्त सोसण्याची सवय होते?


मैलाचा दगड

दहाव्या तासाला ‘ही तक्रार खरी की खोटी’ असे स्वतःला विचारून काही निष्पन्न होत नाही, कारण तक्रार नेहमी खरीच असते. त्याऐवजी ‘माझ्यातले नेमके काय संपले आहे’ असे विचारावे. या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर मिळते आणि त्यावर काही करताही येते.

सर्वात आधी इंधनाकडे पाहू. स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवून ठेवलेली साखर) असते, म्हणजे सगळे मिळून २००० कॅलरींच्या आसपास. पूर्ण अंतराच्या स्पर्धेचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. उरलेली ऊर्जा अंगातल्या चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांतून यावी लागते. चरबीचा साठा भरपूर असला तरी तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते, त्यामुळे वेग वाढवला की ग्लायकोजेनवरचा भार वाढतो. खाण्यालाही मर्यादा आहे. आतड्यातून ग्लुकोज शोषून घेणारी वाहक प्रथिने ताशी सुमारे ६० ग्रॅमच्या पुढे फारशी साथ देत नाहीत. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्यामुळे दोहोंचे मिश्रण घेतल्यास ताशी ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, पण त्यासाठी पोटालाही महिनोन्महिने सवय लावावी लागते. जे स्पर्धेत खायचे तेच, तितकेच आणि त्याच वेगात सायकल चालवत असताना खाऊन पाहावे. बहुतेक लोक पायांचा सराव करतात आणि पोटाचा विसरतात, असे माझे निरीक्षण आहे.

आता तुमच्या मळमळीविषयी. जोर वाढला आणि ऊनही तापले की रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्यांच्या वाट्याला कमी येते आणि पोटात गेलेले पदार्थ तिथेच साचून राहतात. म्हणून धावताना होणाऱ्या मळमळीचे मूळ पुष्कळदा तीन-चार तास आधीच्या सायकलीत असते. पूर्ण अंतरासाठी हौशी स्पर्धकाने सायकलचा सरासरी जोर आपल्या एफटीपीच्या, म्हणजे सुमारे तासभर टिकवता येईल अशा जोराच्या, ६५ ते ७५ टक्क्यांत ठेवावा, असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि त्यातही नवख्याने खालच्या टोकाला राहिलेले बरे. पहिल्या दोन तासांत हा वेग हास्यास्पद वाटतो. शेजारून माणसे भराभर पुढे जातात, चढावर तर जातातच जातात, आणि त्यांना जाऊ देणे हा माझ्या मते या स्पर्धेतला सर्वात अवघड मनोनिग्रह आहे. सायकलवर उसने घेतलेले प्रत्येक मिनिट धावताना सावकारी व्याजाने फेडावे लागते.

पॉवर मीटर (सायकलवर लावलेला जोर मोजणारे यंत्र) नसेल तर हृदयाच्या ठोक्यांवरून बरेच कळते. वेग तोच असताना ठोके हळूहळू वर चढत जाणे हे उष्णता, पाण्याची तूट आणि थकवा यांचे लक्षण असते. थोडी चढण अपेक्षितच आहे, पण सायकलच्या मध्यापर्यंतच ती ठळक दिसू लागली तर जोर तिथेच उतरवावा. पोहण्याविषयी फार लिहीत नाही, कारण तिथे वेळ वाचतो थोडा आणि नासाडी होऊ शकते पुष्कळ. सुरुवातीचे काही शे मीटर श्वास स्थिर होईपर्यंत सावकाश काढले की काम झाले.

धावताना ती ‘पुरे’ची वेळ आली की मी ठरलेला क्रम पाळतो. आधी वेग उतरवायचा किंवा सरळ चालायला लागायचे. पोट मान्य करत असेल तर थोडी साखर घोट-घोट घ्यायची, नसेल तर नुसती चूळ भरायची. डोक्यावर आणि मानेवर पाणी ओतायचे. मग पंधरा-वीस मिनिटे कोणताही निर्णय घ्यायचा नाही. त्या वेळात मनावरचे मळभ निवळले, तर तक्रार इंधनाची किंवा वेगाची होती. वेग उतरवून, खाऊन, अंग गार करूनही अवस्था बिघडतच चालली असेल, तर प्रकरण वेगळे आहे, आणि त्याविषयी वैद्यकीय माणसांनी लिहिलेले बरे.

थोडे विषयांतर करून १९८९ च्या हवाईतील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची आठवण देतो. डेव्ह स्कॉट आणि मार्क ॲलन हे दोघे जवळजवळ संपूर्ण स्पर्धा खांद्याला खांदा लावून गेले, शेवटच्या मोठ्या चढावर ॲलन निसटला आणि आठ तासांहून अधिक चाललेल्या झुंजीचा निकाल ५८ सेकंदांनी लागला. जिद्दीचे उदाहरण म्हणून ही शर्यत सर्रास सांगितली जाते. पण हाच ॲलन त्याआधी त्याच स्पर्धेत अनेकदा हरला होता, आणि हृदयाचे ठोके मुद्दाम खाली ठेवून, मन मारून, संथ गतीने केलेला सराव वर्षानुवर्षे त्याच्या गाठीशी होता. शेवटच्या चढावर दिसली ती जिद्द खरीच. फक्त ती वापरता येईल इतके शरीर त्याने शिल्लक ठेवले होते.


दे धडक

वरचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु सगळेच ग्रॅम आणि टक्क्यांत मोजायचे असेल तर माणूस घराबाहेर पडेलच कशाला? शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये माझ्या आजूबाजूला चालणाऱ्या निम्म्या लोकांचे पाय अजून धावू शकत होते, त्यांनी ठरवलेच नव्हते, असे मला प्रत्येक वेळी वाटत आले आहे. मनाचा वाटा कमी लेखू नये.


श्वासमापक

मी व्यायाम-शरीरशास्त्र शिकवतो, म्हणून ‘दे धडक’ यांच्या मताला आधार कोणता आणि तो कुठवर पुरतो हे सांगतो.

जुनी समजूत अशी होती की प्राणवायू कमी पडतो, स्नायूंत आम्ल साचते आणि शरीर यंत्रासारखे थांबते. १९२० च्या दशकातील ए. व्ही. हिल यांच्या संशोधनापासून ही मांडणी रूढ झाली. पुढे टिम नोक्स यांनी असे मांडले की शरीराला खरी इजा होण्याच्या बऱ्याच आधी मेंदू स्नायूंना मिळणारी आज्ञा आखडती घेतो. सॅम्युएले मार्कोरा यांचे म्हणणे याहून साधे आहे. माणूस थांबतो तो श्रमाची जाणीव त्याला मंजूर असलेल्या पातळीपर्यंत पोहोचते म्हणून. त्यांच्या २००९ च्या प्रयोगात १६ जणांना एकदा दीड तास डोक्याला शीण आणणारे काम देऊन आणि एकदा तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवून, मग ठरावीक जोराने सायकल चालवायला लावले होते. डोके शिणलेले असताना ते सरासरी ६४० सेकंद टिकले, एरवी ७५४ सेकंद. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांच्या मोजमापात या फरकाचे कारण सापडले नाही. श्रम मात्र सुरुवातीपासूनच जास्त जाणवत होते. २०१० च्या दुसऱ्या प्रयोगात रग्बी खेळाडूंनी सुमारे २४२ वॅट जोराने, आता एक क्षणही शक्य नाही असे होईपर्यंत, सायकल चालवली आणि लगेच पुढच्या पाच सेकंदांत सरासरी ७३१ वॅट काढून दाखवले. पाय संपले असते तर हे झाले नसते.

मैलाचा दगड यांनी चूळ भरण्याचा उल्लेख सहज केला आहे, त्यामागेही हेच आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिष्टमय द्रावणाने नुसती चूळ भरून ते थुंकून टाकणाऱ्या सायकलपटूंची सुमारे तासाभराच्या चाचणीतील कामगिरी जवळपास तीन टक्क्यांनी सुधारली. पोटात काहीच गेले नव्हते. तोंडातल्या संवेदनेने मेंदूला दिलासा मिळाला, इतकेच.

तर मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर असे की मर्यादा दोन्ही अर्थांनी सरकते. सरावाने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा तयार करणारे भाग) वाढतात, रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, तोच वेग अधिक चरबी जाळून टिकवता येतो, आणि त्यामुळे तेच काम कमी श्रमाचे वाटू लागते. सोसण्याची सवय हाही सरावाचाच परिणाम आहे, त्याला ‘फक्त’ म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन दिवस डोक्याला शीण देणाऱ्या कामापासून शक्य तितके दूर राहावे, हा सल्लाही वरच्या २००९ च्या प्रयोगातूनच निघतो. टेपरच्या, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करण्याच्या, काळात लोक पायांना विश्रांती देतात आणि साठलेली कार्यालयीन कामे मात्र रात्र-रात्र उरकत बसतात.

पण ‘सगळे मनात असते’ हे वाक्य या प्रयोगांतून काढणे मला मान्य नाही. हे प्रयोग दहा-पंधरा मिनिटांचे, फार तर तासाभराचे आहेत आणि नियंत्रित तापमानाच्या खोलीत झालेले आहेत. बारा तास उन्हात राहिलेल्या शरीरात ग्लायकोजेन खरोखरच संपलेले असते, स्नायूंच्या तंतूंची खरोखर हानी झालेली असते आणि शरीराचे तापमान खरोखर वाढलेले असते. मेंदू लवकर घाबरतो हे खरे असले, तरी दर वेळी तो उगाचच घाबरतो असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय मेंदूला गप्प बसवण्याची कला ज्यांना फार चांगली साधलेली असते, त्यांच्याचबाबतीत पुढचा धोका अधिक असतो.


पांढरा तंबू

त्या शेवटच्या वाक्यावरूनच लिहितो. सहनशक्तीच्या स्पर्धांच्या वैद्यकीय तंबूत मी काम करतो, आणि आमच्याकडे उचलून आणावे लागणारे लोक कच्च्या मनाचे नसतात. कच्च्या मनाचा माणूस वेळेवर थांबतो, खुर्चीत बसून पाणी पितो आणि घरी जातो.

संथगती, तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे की धोक्याची तक्रार अधिक दुखेल किंवा मोठ्याने ऐकू येईल. तसे होत नाही. पायाचे गोळे, सोललेल्या टाचा, मांड्यांची आग, बोटांचे काळे पडलेले नख, हे सगळे फार दुखते आणि त्यापासून जिवाला सहसा धोका नसतो. ज्या दोन अवस्थांना आम्ही सर्वात जास्त घाबरतो त्या दोन्ही मेंदूवर परिणाम करतात, म्हणजे ज्याने धोका ओळखायचा तोच निकामी होतो.

पहिली म्हणजे श्रमजन्य उष्माघात. शरीराचे आतील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि त्याबरोबर वागण्यात फरक पडतो. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, भलत्या दिशेला वळतो, पाय झोकांड्या खात पडतात. घाम थांबलेला असेलच असे नाही, त्यामुळे ‘घाम येतो आहे ना, मग ठीक आहे’ हा समज सोडून द्यावा. उपचाराचा नियम एकच आहे, आधी थंड करायचे आणि मग हलवायचे. बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बुडवणे हा सर्वोत्तम मार्ग, आणि पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आले तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

दुसरी अवस्था म्हणजे रक्तातील सोडियम १३५ मिलिमोल प्रतिलिटरच्या खाली जाणे. याचे मुख्य कारण मीठ कमी खाणे हे नसून गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हे आहे, आणि ही गोष्ट पचनी पडायला लोकांना जड जाते. संथ गतीने जाणाऱ्या, प्रत्येक मदत केंद्रावर थांबून पेला रिकामा करणाऱ्या स्पर्धकाला याचा धोका अधिक. अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणे, पोट डबडबणे, डोके दुखणे, उलट्या आणि मग गोंधळलेपण, असा क्रम दिसतो. गंभीर अवस्थेत झटके येतात. स्पर्धेनंतर वजन सुरुवातीपेक्षा वाढलेले भरले तर तो स्पष्ट इशारा असतो. अशा माणसाला ‘पाणी कमी पडले असेल’ म्हणून आणखी पाणी पाजणे घातक ठरू शकते. तहान लागेल तेव्हा आणि तेवढेच प्यावे, हा सल्ला ऐकायला फार साधा वाटतो, तरी तोच टिकून आहे. इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे क्षारांच्या, गोळ्या जास्तीचे पाणी झाकू शकत नाहीत.

कोसळण्याविषयीही एक गोष्ट सांगून ठेवतो. अंतिम रेषा ओलांडल्यावर लगेच भोवळ येऊन पडणे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. धावणे थांबले की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत, रक्तदाब एकदम उतरतो, आणि पाय उंच करून झोपवले की थोड्या वेळात माणूस ताळ्यावर येतो. रेषेच्या आधी, धावता-धावता कोसळणे हे मात्र गंभीर समजायचे.

दूरचित्रवाणीने या खेळाला जी प्रसिद्धी दिली ती दुर्दैवाने दुसऱ्या प्रकारच्या कोसळण्याला दिली. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईच्या त्याच स्पर्धेत आघाडीवर असलेली ज्युली मॉस रेषा दिसत असताना पुन्हा-पुन्हा पडली, कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून २९ सेकंदांनी जिंकली आणि मॉसने शेवटचे काही मीटर रांगत पूर्ण केले. ते दृश्य पाहून असंख्य लोक या खेळाकडे वळले, हे मान्य. मला त्याहून उपयोगी वाटते ते त्याच स्पर्धेतले १९९५ चे उदाहरण. पॉला न्यूबी-फ्रेझर पुढे होती, मागून कॅरन स्मायर्स येत असल्यामुळे तिने अखेरच्या टप्प्यात मदत केंद्रांवर थांबणे टाळले, आणि रेषेपासून काही शे मीटरवर तिचे पाय संपले. ती रस्त्यावर बसली, आडवी झाली, बूट काढले आणि वीसेक मिनिटांनी उठून चालत चौथी आली. जगज्जेती असूनही! पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, तिने तीच स्पर्धा आठव्यांदा जिंकली. तेव्हा ती वीस मिनिटे कोणाला पराभवाची वाटत असतील तर वाटोत.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेनच्या जातीच्या, स्पर्धेत घेऊ नयेत. पाण्याची तूट, उष्णता आणि स्नायूंची झीज यांनी आधीच दमलेल्या मूत्रपिंडावर त्या आणखी भार टाकतात आणि सोडियम घसरण्याचा धोका वाढवतात. नंतर लघवी गडद तपकिरी झाली तर उशीर न करता रुग्णालय गाठावे. आणि पोहण्याला हलके लेखू नये. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉनमधील मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला आहे. एकूण १३५ पैकी ९० घटना पोहताना घडल्या होत्या. छातीत दाब, फेसाळ खोकला, श्रमाच्या मानाने फारच जास्त धाप, यांपैकी काहीही झाले तर तिथल्या तिथे हात वर करून नौका बोलवावी. इथे ‘थोडे पुढे जाऊन पाहू’ याला जागा नाही. चाळिशीनंतर किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर तयारीला लागण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.


संथगती

सर्वांचे मनापासून आभार. तक्रार किती दुखते यावरून तिचे वजन ठरवू नये, हे मला आजवर कुणी इतके स्पष्ट सांगितले नव्हते. पण मग पेच असा पडतो की डोकेच निकामी होणार असेल, तर निर्णय घ्यायचा कुणी? स्पर्धेत बाहेरच्या माणसाची मदत घेण्यास मनाई असते आणि मी एकटाच असेन.


शिट्टी

मी प्रशिक्षक आहे आणि माझ्याकडे तयारी करणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे काम आठवडाभर आधी, शुद्धीवर असताना, करून घेतो. थांबण्याच्या अटी कागदावर लिहायच्या, आणि त्या मोजता किंवा तपासता येण्यासारख्या हव्यात. ‘फार त्रास झाला तर थांबेन’ ही अट नव्हे, कारण त्रास होणारच आहे. ‘सरळ रेषेत चालता येत नसेल तर’, ‘स्पर्धक क्रमांक, घरचा दूरध्वनी आणि पुढच्या मदत केंद्राचे अंतर यांपैकी एखादी गोष्ट आठवत नसेल तर’, ‘चालायला लागून अर्धा तास झाला तरी उलट्या थांबत नसतील तर’, ‘एकाच जागी, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी आणि प्रत्येक पावलागणिक वाढणारी कळ असेल तर’, अशा या अटी असतात. त्यांवर त्या क्षणी वाद घालायचा नाही, हे आधीच कबूल करून घेतो. यादीत नसलेल्या प्रत्येक तक्रारीला मात्र चालत राहणे हेच उत्तर, आणि हा या यादीचा दुसरा, लोकांच्या लक्षात न येणारा फायदा आहे. एरवी दर किलोमीटरला मनाशी होणारी घासाघीस तिच्यामुळे बंद होते.

बाहेरची मदत घेता येत नाही याचा अर्थ कुणी तुमच्याकडे पाहू शकत नाही असा होत नाही. मदत केंद्रावरच्या स्वयंसेवकाशी दोन वाक्ये बोलावीत. आपले बोलणे त्याला कळते आहे का, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजते. तुमचे कुटुंबीय वाटेत उभे राहणार असतील तर त्यांनाही यादी द्यावी आणि ‘काहीही झाले तरी मला थांबू देऊ नका’ असले वचन त्यांच्याकडून कधीही घेऊ नये. ते वचन पाळणाऱ्या माणसाची अवस्था फार वाईट होते. वैद्यकीय पथकाने थांबवले तर विषय तिथेच संपला, याची मनाशी खूणगाठ बांधून निघावे.

आता चालण्याविषयी, कारण माझ्या मते पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या मर्यादेचा प्रश्न निम्मा तरी इथेच सुटतो. पूर्ण अंतरासाठी बहुतेक ठिकाणी १७ तास मिळतात, त्यात पोहण्याला २ तास २० मिनिटे आणि सायकल संपेपर्यंत एकूण १० तास ३० मिनिटे अशी सर्वसाधारण मांडणी असते. आपल्या स्पर्धेची नियमावली अर्थात स्वतः वाचावी. म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी सायकलवरून उतरणाऱ्यालाही मॅरेथॉनसाठी साडेसहा तास उरतात. त्याला ताशी साडेसहा किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला सव्वानऊ मिनिटांच्या आतबाहेर, इतका वेग पुरतो. हा भरभर चालण्याचा वेग आहे. तुम्ही दीड तास आधी उतरलात तर आठ तास मिळतात आणि ताशी सव्वापाच किलोमीटर पुरे होतात. हे गणित डोक्यात पक्के असले की विसाव्या किलोमीटरला धावणे बंद पडले तरी हातपाय गळत नाहीत. म्हणूनच सरावातही, थकल्यानंतर, ताठ मानेने आणि हात हलवत भरभर चालण्याचा वेगळा अभ्यास करावा. तो फार थोडे जण करतात, कारण त्यात मिरवण्यासारखे काही नसते.

सरावात मर्यादा किती वेळा चाचपून पाहावी? पूर्ण अंतर एकाच दिवशी करून पाहण्याची गरज नाही. त्याने मिळणाऱ्या आत्मविश्वासापेक्षा सावरण्यात जाणारे आठवडे महाग पडतात. लांब सायकलीनंतर अर्धा-पाऊण तासाचे धावणे आणि लागोपाठच्या दोन दिवसांत लांब सराव, एवढ्यावर बरेच काही शिकता येते. महिन्यातून एखाद्या वेळी ‘पुरे’च्या थोडे पुढे जावे, बाकी सगळे दिवस गप्पा मारता येतील अशा गतीने काढावेत. सकाळचे विश्रांतीतले ठोके चढे राहणे, झोप उडणे, चिडचिड, आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळी लांबणे किंवा बंद होणे, ही खाणे आणि विश्रांती श्रमाला पुरत नसल्याची लक्षणे आहेत. तिथे जिद्द दाखवली की हाडे आणि संप्रेरके दोन्ही बिघडतात.

मर्यादेचा विचार करताना सगळे शेवटच्या दहा किलोमीटरचा करतात, पण माझ्या यादीतली पहिली अट सुरुवातीच्या रेषेवरची असते. ताप, अंगदुखी, छातीतला कफ किंवा जुलाब असतील तर पाण्यात उतरायचेच नाही. नुसती सर्दी आणि घशाची खवखव असेल तर विचार करता येतो. विषाणूचा संसर्ग अंगात असताना अशा प्रकारचे श्रम केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, आणि तो धोका पुढे दिवसभर कितीही नेमके खाल्ले, प्यायले आणि वेग सांभाळला तरी कमी होत नाही. वर्षभर तयारी केलेल्या माणसाला हे सांगणे मला दर वेळी जड जाते, म्हणून नाव नोंदवतानाच मी पुढच्या काही महिन्यांतली दुसरी एक स्पर्धा बघून ठेवायला सांगतो.